खोक्यातल्या मावशींची वही

तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एक लाकडी खोका आहे. पाटीवर 'पर्यटक माहिती केंद्र' असं मोठ्या ऐटीत लिहिलंय, पण आत एक खुर्ची, एक स्टूल, एक पंखा आणि एक बाई. यावर अजून काही ठेवायचं म्हटलं तर बाईंना बाहेर यावं लागेल. अख्खं गाव त्यांना खोक्यातल्या मावशी म्हणतं. कुणी मुद्दाम खोडी काढायला तसं म्हणालं तरी त्या मान वर न करता म्हणतात, "हो, खोक्यातलीच. पुढे बोला."

गाव म्हणाल तर एवढंसं. तळ्याभोवती चालायला निघालात तर दीड तासात परत खोक्यापाशी. पण उन्हाळ्याचे पाच महिने इथे मुलाबाळांची अशी झुंबड उडते की विचारू नका. आणि गाडीतून उतरलं की जो तो आधी खोक्यापाशी. बाप विचारतो, "इथे बघण्यासारखं काय आहे हो?" मावशी लगेच उत्तर देत नाहीत. त्या आधी मुलांच्या बुटांकडे बघतात, मग आजोबांच्या गुडघ्यांकडे आणि शेवटी आईच्या चेहऱ्याकडे. मग चिठ्ठी लिहायला घेतात.

"मनोऱ्याला एकशेबारा पायऱ्या आहेत, आजोबांना नेऊ नका. त्यांना आरशांच्या घरात न्या, आणि पुढे घाला. आजोबा वाट चुकले की मुलं खूश. मत्स्यालयातलं कासव अकराला जागं होतं, त्याआधी दगडच समजा त्याला. छोट्या गाडीत शेवटचा डबा धरा, वळणावर तोच जास्त डुलतो. चार वाजता बदकांना खायला घालतात, पण पाव नेऊ नका, दाणे फाटकापाशी मिळतात." मग आईकडे वळून हळूच, "आणि तुम्ही ताई, आधी उथळ पाण्याच्या काठावर जा. तिथली बाकं सावलीत आहेत. मुलं दिसतात, पण ऐकू येत नाहीत."

ताई तिथल्या तिथे मावशींच्या भक्त होतात. का होणार नाहीत?

आता खरी गंमत सांगतो. यातलं मावशींनी स्वतः काहीही बघितलेलं नव्हतं. आरशांचं घर नाही, मनोरा नाही, ते झोपाळू कासवही नाही. हे सगळं शहाणपण वहीतलं. खोक्याच्या फळीला सुतळीने बांधलेली एक वही असते. संध्याकाळी परत जाताना मुलांनी त्यात लिहायचं, सगळ्यात जास्त काय आवडलं. मोठ्यांनी लिहायचं नाही. मोठी माणसं 'छान सोय आहे' असलं काहीतरी खरडतात आणि पान वाया घालवतात. नाव लिहायचं नाही, फक्त वय. "नावं कुठे लक्षात ठेवत बसू मेली," मावशी म्हणतात, "वय कामाला येतं." पाच वर्षांच्या पोराला काय आवडलं ते कळलं की दुसऱ्या दिवशीच्या पाच वर्षांच्या पोराला कुठे धाडायचं ते कळतं. अशा एकोणतीस वर्षांच्या वह्या खोक्यातल्या फळीखाली रचलेल्या आहेत.

आणि त्या सगळ्या वह्यांमधलं एक वाक्य म्हणजे मावशींचं हुकमाचं पान. राजहंसाच्या आकाराच्या पांढऱ्या होड्या आहेत ना, पायांनी चालवायच्या, त्यांच्याबद्दल सांगताना त्या नेहमी शेवटी म्हणायच्या, "काठाकाठाने फिरू नका. मधोमध जा. तळ्याच्या मधोमध गेलं की आई फक्त आपल्याशीच बोलते." हे ऐकून कितीतरी बायकांनी बाजूला उभ्या असलेल्या लेकराचा हात घट्ट धरलेला मावशींनी पाहिलाय. होडीवाला तर म्हणायचा, "मावशी, तुमच्या त्या एका वाक्यावर माझ्या बारा होड्या चालतात."

त्या स्वतः मात्र होडीत एकदाही बसल्या नव्हत्या.

त्याचं असं झालं. नवरा अचानक गेला तेव्हा लेक पाच वर्षांची होती आणि खोक्यातली ही नोकरी मिळाली म्हणून दोघींचं निभावलं. हंगामात सातही दिवस खोका उघडा. हंगाम संपला की मावशींना वेळच वेळ, पण तेव्हा होड्या काठावर ताडपत्रीखाली उपड्या पडलेल्या, गाडी शेडमध्ये आणि मनोऱ्याला कुलूप. होड्या पाण्यात असायच्या तेव्हा मावशी खोक्यात, आणि मावशी मोकळ्या व्हायच्या तेव्हा होड्या उपड्या. सांगा, जमायचं कसं?

लेक शाळा सुटली की खोक्यात यायची आणि स्टुलावर बसायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर सकाळपासून. समोरून सगळ्या जगाची मुलं होडीकडे धावत जायची आणि ओले पाय घेऊन परत यायची. ती म्हणायची, "आई, आपण कधी?" मावशी म्हणायच्या, "पुढच्या आठवड्यात." होडीवाला म्हणाला होता, मी नेऊन आणतो पोरीला. पण मावशींचा जीव घाबरा. एकुलतं एक लेकरू, बाप नाही, आणि पाणी ते पाणी. "मी बरोबर असल्याशिवाय पाण्यात जायचं नाही," असा त्यांनी दम भरलेला. दहाव्या वर्षी लेकीने विचारणं सोडलं. सोळाव्या वर्षी मावशींनी आपण होऊन म्हटलं, चल गं, आज जाऊ या, तर ती म्हणाली, "मी त्या हंसात कधीही बसणार नाही." ओरडली नाही, भांडली नाही. नुसतं म्हणाली आणि पुस्तकाचं पान उलटलं. मावशींना ते भांडणापेक्षा वाईट लागलं.

तर ती लेक आता चौतीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात असते आणि तिला सहा वर्षांची मुलगी आहे. नातीचं पाळण्यातलं नाव काहीही असो, आजीने तिला भुंगा ठेवलंय, कारण ती सतत कानाशी गुणगुणत प्रश्न विचारते. या उन्हाळ्यात लेकीचा फोन आला. जावयाला लांबच्या देशात काम मिळालंय, सगळेच निघालेत. किमान चार वर्षं येणं व्हायचं नाही. जायच्या आधी तीन दिवस येऊन जातो.

मावशी त्या रात्री झोपल्या नाहीत. चार वर्षं म्हणजे भुंगा दहाची होणार. विचारणं सोडायचं वय. आणि लेक? ती दर रविवारी फोन करायची, औषधं घेतलीस का विचारायची, पैसे हवेत का विचारायची, सगळं रीतसर. पण मायलेकी बोलतात तसं बोलणं कधीचं बंद पडलं होतं. या तीन दिवसांत नाही झालं तर मग कधी, एवढं एकच मावशींच्या डोक्यात घोळत राहिलं. लेकीला एकदा, फक्त एकदा, त्या होडीत बसवायचंच.

आणि मग एवढी हुशार बाई, जगाला शहाणपण वाटणारी, तिने काय करावं? चिठ्ठी लिहिली! तीन दिवसांची. शुक्रवारी मत्स्यालय आणि छोटी गाडी, शनिवारी मनोरा आणि आरशांचं घर, रविवारी बदकं आणि होडी. वेळा घालून, डबा कितवा ते घालून, खाली रेघ मारून. अशी सुरेख चिठ्ठी त्यांनी उभ्या जन्मात कुणाला दिली नव्हती. बसमधून उतरलेल्या लेकीच्या हातात ती ठेवली आणि म्हणाल्या, "जा तुम्ही, मजा करा. मी आहेच इथे."

लेकीने चिठ्ठी वाचली, घडी घातली, पर्समध्ये ठेवली. "बरं," म्हणाली.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मायलेकी गावभर हिंडत होत्या आणि मावशी खोक्यातून त्यांच्याकडे बघत होत्या. छोटी गाडी खोक्यावरून जाते, तेव्हा शेवटच्या डब्यातून भुंगाने दोन्ही हात हलवले. लेकीनेही एक हात हलवला. मावशींनी हात वर केला तेवढ्यात कुणीतरी विचारलं, स्वच्छतागृह कुठे आहे?

रविवारी दुपारी दोनला दोघी खोक्यापाशी आल्या. पाच चाळीसची परतीची बस होती. बॅगा मावशींच्या खुर्चीमागे कोंबलेल्या.

"होडीवाल्या काकांबरोबर भुंगाला पाठवते," लेक म्हणाली. "मी काठावर थांबते."

"अगं, तू पण जा की तिच्याबरोबर."

"नको आई. माहितीये ना तुला."

भुंगाने पाय आपटला. "काकांबरोबर काय? मधोमध आई लागते! आजी सगळ्यांना सांगते ना, मधोमध गेलं की आई फक्त आपल्याशीच बोलते."

लेक वळता वळता थांबली. "अजून सांगते ती हे?"

भुंगाने परत म्हणून दाखवलं, आजीचा हात हलवण्याचा ढंगही करून. लेकीचा चेहरा असा झाला की मावशींना वाटलं हिला ऊन लागलं.

"आई, हे वाक्य कुणाचं, कधी कळलं का तुला?"

"वहीतलं. एका पोरीने लिहिलेलं. आठ वर्षांची होती. इतकी वर्षं झाली, पण तसं पुन्हा कुणाला लिहिता आलं नाही बघ."

"ती पोरगी दिसली होती तुला?"

"कुठली दिसायला! रविवारची गर्दी. संध्याकाळी वही वाचली तेव्हा सापडलं."

"दाखव."

रांगेत चार कुटुंबं उभी होती. पण लेकीचा आवाज असा होता की मावशी वाकल्या आणि फळीखालून वही काढली. शोधावी लागली नाही. त्या पानाशी सुतळीचा तुकडा घालून ठेवलेला होता. वेडंवाकडं अक्षर, निळी शाई. 'होडी. मधोमध गेलं की आई फक्त आपल्याशीच बोलते. कारण तिथे तिला विचारायला दुसरं कुणी येत नाही. वय ८.'

दुसरं वाक्य मावशी कधी कुणाला सांगत नसत. लांबलचक होतं म्हणून.

लेक वाचत राहिली. मग तिने फळीवरचं पेन उचललं, डाव्या हातात धरलं आणि चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर हळूहळू लिहिलं, वय ८. तोच वाकडा आठ, पोट फुटलेला. मावशी एकदा वहीकडे बघत होत्या, एकदा चिठ्ठीकडे.

"घरच्यांनी लिहायचं नाही असं तूच म्हणायचीस," लेक म्हणाली. ती हसत होती, पण हसू काही धड जमत नव्हतं. "ती वही पाहुण्यांची. म्हणून डाव्या हाताने लिहिलं. तू लोकांना नकाशा समजावत होतीस. आणि खोटं लिहिलं गं आई. मी कुठे बसले होते होडीत? मला काय माहीत मधोमध काय होतं ते."

सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं हे वाक्य त्यांनी रोज वीस-वीस वेळा उच्चारलं होतं. परक्यांच्या आयांना सांगितलं होतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं. आणि जिने ते लिहिलं ती दोन हातांच्या अंतरावर स्टुलावर बसून ऐकत होती. ती स्टुलावरची पोरगी त्यांना आत्ता इतकी स्पष्ट दिसली, गुडघे जवळ घेतलेली, बोटांना निळी शाई लागलेली. ती शाई त्यांनी त्या रात्री घासून काढली असणार. कशी लागली असं विचारलंही नसणार.

"मावशी, मत्स्यालय कितीला बंद होतं?" रांगेतल्या पहिल्या गृहस्थांनी विचारलं.

"सहाला," मावशी म्हणाल्या. सवयच ती. आणि मग त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

पुढे जे झालं ते गावात अजून सांगतात. मावशी उठल्या. आतून झडप ओढता येत नाही म्हणून वळसा घालून बाहेर आल्या आणि भर हंगामात, भर रविवारी, रांगेच्या डोळ्यांदेखत त्यांनी खोक्याची पत्र्याची झडप खाली ओढली. झडप गंजलेली, दुपारी ओढायची सवयच नाही तिला. अर्ध्यात अडकली. मावशींनी तिला लटकून खाली आणली.

"अहो, आम्हाला चिठ्ठी?" गृहस्थ म्हणाले.

"गाव एवढंसं आहे. हरवायला जागा नाही. जा, हिंडा!"

भुंगा टाळ्या पिटत पुढे पळाली. लेक तिथेच उभी. मावशी तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. उशिरा आलेल्या माणसाचा चेहरा होता त्यांचा.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पुढचा आठवडा, पुढचा आठवडा करत चुकलं. आता पुढचा आठवडा नाहीये माझ्याकडे. चलतेस का?"

लेकीने मावशींच्या खांद्यावरून घसरलेली पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि उताराला लागली.

होडीवाला मावशींना धक्क्यावर बघून हातातला चहा सांडून बसला. "मावशी? तुम्ही? आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा?"

"तुझ्या डोक्यावर उगवलाय. होडी दे."

"कुठली देऊ?"

"बुडणार नाही ती दे!"

हंस डुगडुगला तेव्हा मावशींनी देवाला, होडीवाल्याला आणि अंगातलं जीवरक्षक जाकीट बनवणाऱ्या कारखान्याला एका दमात हाका मारल्या. मागच्या बाकावर भुंगा खिदळत होती. पुढे मायलेकी शेजारी शेजारी, पायडलवर पाय. सुरुवातीला दोघींचे पाय जुळेनात. लेक जोरात मारायची, मावशी घाबरून थांबायच्या आणि हंस स्वतःभोवती गिरकी घ्यायचा. "आई, मार की!" "मारतेय की! तूच घाई करतेस." मग केव्हातरी जुळले.

काठ लांब गेला. खोका काडेपेटीएवढा दिसायला लागला, झडप लावलेला. एकोणतीस वर्षांत मावशींनी तो इथून पाहिला नव्हता. एवढ्याशा त्या डबीत आपण राहिलो, असं त्यांना वाटलं. आणि हिलाही त्यातच बसवून ठेवलं.

तळ्याच्या मधोमध लेकीने पायडल थांबवलं. "हं. हाच मध्य."

आता काय? जगाशी बोलणाऱ्या मावशी गप्प झाल्या. इथे सांगण्यासारखी वेळ नव्हती, पायऱ्या नव्हत्या, कितवा डबा नव्हता. लेकीशी नुसतं बोलायचं म्हणजे सुरुवात कुठून करतात हेच त्यांना आठवेना. पाणी होडीच्या पोटाला लागून चुळूकचुळूक वाजत होतं.

"आई बोलत नाहीये," भुंगाने मागून तक्रार केली.

"माझी बोलत नाहीये," लेक म्हणाली.

मावशींनी तिच्याकडे बघितलं. कानाजवळ दोन केस पांढरे झाले होते पोरीचे. हे कधी झालं? "तुला तिकडे जायचंय का गं?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, सगळे जाताय ते जाताय. पण तुला मनातून जायचंय का?"

हा प्रश्न लेकीला महिनाभरात कुणी विचारला नव्हता. सगळ्यांनी व्हिसा विचारला होता, घरभाडं विचारलं होतं, सामान किती नेणार ते विचारलं होतं. तिचे डोळे भरून आले. "मला खूप भीती वाटतेय आई," ती म्हणाली. "तिथे मी कुणालाच ओळखत नाही. रात्री जाग येते आणि..."

तेवढ्यात शेजारून दुसरा हंस आला. त्यात मघाचे रांगेतले गृहस्थ, बायको आणि दोन मुलं. गृहस्थांचा चेहरा उजळला.

"अहो मावशी! बरं झालं भेटलात! छोट्या गाडीची शेवटची फेरी कितीची हो?"

सव्वासहाची. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. मावशींनी मानसुद्धा वळवली नाही.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. आणि लेकीचा हात दोन्ही हातांत घेऊन तिच्याकडे सरकल्या. "हं, सांग. रात्री जाग येते आणि काय होतं?"